शेवटच्या फळीतल्या धावपटूने डोंगरातली शर्यत धावावी का?

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि बँकेत नोकरी करते. काही वर्षे नियमित धावते आहे. माझी अर्धमॅरेथॉन पावणेतीन तासांत आणि पूर्ण मॅरेथॉन सहा तासांच्या आसपास होते, त्यामुळे गटात मी कायम शेवटी असते. डिसेंबरच्या मध्यावर सह्याद्रीत होणाऱ्या ५० किलोमीटरच्या शर्यतीत मी उत्साहाच्या भरात नाव नोंदवले. एकूण चढाई २२०० मीटर आणि वेळ १४ तास आहे. सुरुवात पहाटे साडेचारला होईल आणि तिसाव्या किलोमीटरच्या केंद्रावर दुपारी साडेबारापर्यंत न पोहोचणाऱ्यास थांबवले जाईल. आता मात्र धास्ती वाटते. माझ्यामुळे स्वयंसेवक खोळंबतील, रानात मी एकटी पडेन आणि सर्वांत शेवटी येण्याची नामुष्की ओढवेल, असे वाटत राहते. यजमान म्हणतात, ‘निम्मी वाट चालतच जाणार असशील, तर तिला शर्यत का म्हणायचे?’ नाव मागे घ्यावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. नाव मागे घेऊ नका. मात्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी स्वतःची एक चाचणी घ्या आणि तीत उत्तीर्ण झाला नाहीत, तर त्याच शर्यतीतल्या कमी अंतरासाठी नोंदणी बदलून घ्या. ही चाचणी कोणती ते पुढे सांगते. पत्र ऑगस्टच्या सुरुवातीला आले आहे, म्हणजे तुमच्या हाताशी चार महिने आहेत, आणि तुमच्यासारख्या नियमित धावणाऱ्या व्यक्तीला एवढा काळ पुरेसा आहे. त्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडून हृदयाची आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्या. या वयात एवढ्या दीर्घ श्रमाआधी ती आवश्यकच आहे.

यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न तुमच्याही मनात घर करून बसला आहे असे पत्रावरून जाणवते. डोंगरातल्या दीर्घ शर्यतीत खड्या चढावर पहिल्या फळीतले धावपटूही चालतात. चढ एका मर्यादेपलीकडे तीव्र झाला की धावण्याने शक्ती फार खर्च होते आणि वेळ मात्र जेमतेम वाचतो, म्हणून ते गुडघ्यांवर हात टेकवून किंवा काठ्यांच्या आधाराने झपाझप वर जातात. चालणे हे तेथे कमीपणाचे मानले जात नाही. ते एक शिकण्याजोगे कौशल्य आहे, आणि सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षे धावलेल्या अनेकांकडे ते नसते. तुमची शर्यत पुढच्या माणसाशी नसून वेळेच्या मर्यादेशी आहे. त्यामुळे मी धीट आहे की भित्री, यापेक्षा माझे गणित जुळते की नाही, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा.

ते गणित आपण करून पाहू. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या चालीचा एक ठोकताळा मांडला, जो आजही उपयोगी पडतो : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. या हिशेबाने तुमच्या ५० किलोमीटरना १० तास आणि २२०० मीटर चढाईला सुमारे ३ तास ४० मिनिटे, असे एकूण १३ तास ४० मिनिटे होतात. हा ठोकताळा विश्रांतीचा वेळ धरत नाही. वाटेत पाणी-खाऊची पाच केंद्रे असतील आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही दहा मिनिटे बसलात, तर तुम्ही साडेचौदा तासांवर जाता आणि अर्ध्या तासाने हुकता. याउलट संपूर्ण वाटेपैकी फक्त २० किलोमीटर, म्हणजे पठारावरचे, गाडीवाटेचे आणि सोप्या उताराचे तुकडे, ताशी सात किलोमीटरने धावलात, तर सुमारे १ तास ९ मिनिटे वाचतात. सहा तासांच्या मॅरेथॉनची सरासरी गती नेमकी हीच आहे, हे लक्षात घ्या. प्रत्येक केंद्रावर केवळ चार मिनिटे थांबलात, तर एकूण वेळ १२ तास ५१ मिनिटांच्या जवळ येतो. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, ठोकताळ्यापेक्षा वेळ अधिक लागतो, उन्हात पाय जड होतात, एखादे वळण चुकते. त्यासाठी हाती तासाहून थोडा अधिक वेळ उरतो. म्हणजेच ही शर्यत तुमच्या आवाक्यात आहे, पण निष्काळजीपणाला तीत फारशी जागा नाही.

आता तिसाव्या किलोमीटरचा कट-ऑफ, म्हणजे तेथे पोहोचण्याची अंतिम वेळ, पाहू, कारण माझ्या मते तुमची खरी परीक्षा तेथे आहे. शेवटच्या वेळेची सगळेच धास्ती घेतात, परंतु संथ धावपटूंना घरी पाठवतो तो बहुधा मधला टप्पा. साडेचार ते साडेबारा हे आठ तास होतात. तेथवरची चढाई किती, हे तुम्ही लिहिलेले नाही. आयोजकांच्या नकाशावरून ती नीट पाहून घ्या. ती १३०० मीटर आहे असे धरले, तर निव्वळ चालीने ८ तास १० मिनिटे लागतात, म्हणजे कोठेही न थांबता केवळ चालत गेल्यास तुम्ही बाद ठरता. पहिल्या तीसपैकी १२ किलोमीटर धावलात आणि तीन केंद्रांवर चार-चार मिनिटे थांबलात, तर ७ तास ४१ मिनिटांत पोहोचाल. त्याच केंद्रांवर दहा-दहा मिनिटे बसलात, तर ७ तास ५९ मिनिटे होतील. त्यानंतरच्या २० किलोमीटरना मात्र सहा तास मिळतात आणि गणित सांगते की सव्वापाच तासांत ते होऊ शकतात. दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोकळा आहे. म्हणून ‘सुरुवातीला अगदी सावकाश जा, मग पाहू’ हा नवख्यांना सर्रास दिला जाणारा सल्ला तुम्ही शब्दशः पाळू नका. पहिल्या चढावर धाप लागू देऊ नका, बोलता येईल इतकाच जोर लावा. परंतु पहाटेच्या गारव्यात जेथे वाट सपाट होईल तेथे धावायला लागा, कारण तो वेळ उन्हात परत मिळत नाही.

केंद्रावर कमी वेळ घालवणे हा सवयीचा भाग आहे आणि त्याचाही सराव करावा लागतो. केंद्र दिसू लागले की पाण्याच्या बाटल्या हातात घ्या, आत गेल्यावर काय काय करायचे ते मनात ठरवून ठेवा, आणि भरलेली बाटली व खाऊ हातात घेऊन चालत बाहेर पडा. खाणे पुढच्या चढावर चालताचालता होते. खुर्चीत बसू नका. पायाला फोड येतो आहे असे जाणवले, तर मात्र तेथेच थांबून पट्टी लावा, कारण आठव्या किलोमीटरला वाचवलेली तीन मिनिटे चाळिसाव्या किलोमीटरला तासभर खातात.

सरावाच्या जागांच्या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात. उपवन तलावापासून येऊर गावाकडे चढत जाणारा रस्ता तुमच्या घराजवळच आहे. आठवड्यातून एकदा तेथे चढावर वेगाने चालण्याचा आणि उतारावर हलके धावण्याचा सराव ठेवा. येऊरचा परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो आणि तेथे बिबट्यांचा वावर आहे, म्हणून वन विभागाने घालून दिलेल्या वेळा आणि वाटा पाळा, अंधारात जाऊ नका आणि कानात गाणी लावू नका. खारघरच्या टेकडीचा रस्ता आणि बेलापूरची पारसिक टेकडी यांचाही उपयोग होतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असते, तेव्हा अनोळखी घळी आणि धबधब्यांच्या वाटा टाळा. या दिवसांत डांबरी चढ पुरेसे आहेत. पाऊस फारच असेल त्या दिवशी इमारतीचा जिना घ्या. एक मजला साधारण तीन मीटर धरला, तर वीस मजले दहा वेळा चढल्यास ६०० मीटर होतात. कंटाळवाणे आहे खरे, पण नोकरी सांभाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी एवढी चढाई मिळवण्याचा दुसरा मार्ग शहरात सहसा सापडत नाही. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून, दर पंधरवड्याला एक रविवार खऱ्या डोंगराला द्या. आसनगावजवळचा माहुली आणि नेरळहून माथेरान ही दोन्ही ठिकाणे मध्य रेल्वेने सकाळी लवकर गाठता येतात. माहुलीला एकट्याने जाऊ नका.

उताराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण रस्त्यावरचे धावपटू सरावात त्याकडेच दुर्लक्ष करतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात. या प्रकारच्या कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि ती पुढे दोन-तीन दिवस ठणकत राहते. डोंगरातल्या शर्यतीत तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांचे पाय निकामी होतात ते दमामुळे नव्हे, तर याच कारणाने : छाती ठीक असते, पण प्रत्येक पायरीला मांड्या थरथरतात. दिलासा असा की उताराचा मध्यम सराव काही वेळा घडला की स्नायू त्या इजेला पुष्कळ सोसू लागतात, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून जिना चढल्यावर गुडघे कुरकुरत नसतील, तर खाली येताना लिफ्ट घेऊ नका. उतरताना पावले लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, मागे रेलू नका आणि नजर चार-पाच पावले पुढे ठेवा. घसाऱ्यावर मागे रेललेला माणूसच आधी पडतो. तळाला खोल खाचा असलेले बूट घ्या, ते बोटांपुढे थोडी जागा ठेवणारे असू द्या, आणि आदल्या दिवशी नखे कापा. उतारावर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात.

संथ धावपटूला पुढच्यांपेक्षा अधिक कठीण हवामान सोसावे लागते, हे फारसे कोणी सांगत नाही. आघाडीचे धावपटू ऊन चढण्याच्या सुमारास शर्यत संपवून सावलीत बसलेले असतात. तुम्ही मात्र दुपारी एक ते तीन उघड्या पठारावर असाल आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळत असल्याने शेवटचा टप्पा अंधारातही करावा लागू शकतो. मागून येणाऱ्यांसाठी केंद्रावर केळी उरली असतील याचीही खात्री नसते. त्यामुळे आपले खाणे आपल्याजवळ असावे. तासाला साधारण ४० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत, म्हणजे संपूर्ण दिवसात पाचशे ग्रॅमहून अधिक. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. खजूर, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, मीठ लावलेले उकडलेले बटाटे यांपैकी तुम्हाला जे रुचते ते सरावाच्या रविवारी खाऊन पाहा. तिसऱ्या-चौथ्या तासानंतर गोड नकोसे होते, तेव्हा खारट पदार्थ हाताशी असू द्या. भूक लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने खा.

पाण्याच्या बाबतीत मात्र उलट सावधगिरी हवी. संथ धावपटू अधिक वेळ वाटेवर असतो, प्रत्येक केंद्रावर आग्रहाने पाणी पितो आणि गरजेहून अधिक पिण्याचा धोका त्यालाच जास्त असतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम प्रमाणाखाली गेलेले आढळले. चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांत आणि धावताना वजन वाढलेल्यांत हा धोका अधिक होता. तहान लागेल तसे प्या आणि सोबत जलसंजीवनीची पाकिटे ठेवा. मात्र जलसंजीवनी घेतली म्हणून हवे तितके पाणी चालते असे नाही. अंगठी घट्ट होणे, बोटे सुजणे, मळमळ, डोके दुखणे, बोलण्यात गोंधळ होणे अशी लक्षणे दिसली, तर पाणी पिणे थांबवून केंद्रावरच्या डॉक्टरांना गाठा. वेदनाशामक गोळ्या शर्यतीत घेऊ नका. आयब्युप्रोफेनसारखी औषधे, शरीरात पाणी कमी असताना आणि स्नायू झिजत असताना, मूत्रपिंडावर मोठा ताण आणतात.

सक्तीच्या साहित्याच्या यादीतली एकही वस्तू घरी ठेवू नका, आणि यादीत नसले तरी वाराबंद जॅकेट व अंगाभोवती गुंडाळायची पातळ चंदेरी चादर पिशवीत असू द्या. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट आणि वादळी वारा सुरू झाला आणि १७२ धावपटूंपैकी २१ जण गारठून मृत्युमुखी पडले. वाराबंद जॅकेट तेथे सक्तीचे नव्हते. आपल्या डोंगरात एवढी थंडी पडत नाही, हे खरे. परंतु घामाने भिजलेला, थकलेला आणि चालण्याचा वेग मंदावलेला माणूस अवकाळी पावसात माथ्यावर सापडला, तर सह्याद्रीतही तो कुडकुडू लागतो, आणि मागच्या फळीत असल्याने त्याच्यापर्यंत मदत यायलाही वेळ लागू शकतो. डोक्याला बांधायच्या बॅटरीचे जादा सेल, शिट्टी आणि पूर्ण चार्ज केलेला फोन हेही असू द्या.

आता स्वयंसेवकांविषयी. तुमच्यामुळे ते खोळंबतील ही तुमची चिंता मनापासूनची आहे, म्हणून तितक्याच मनापासून सांगते : वेळेच्या मर्यादेत असलेल्या प्रत्येक धावपटूसाठी तेथे थांबणे हेच त्यांनी स्वीकारलेले काम आहे. कट-ऑफ ठरवला जातो तोच मुळी त्यांनी किती वाजेपर्यंत थांबायचे हे ठरवण्यासाठी. अशा केंद्रांवर मी थांबले आहे, आणि मला काळजी वाटली ती हळू येणाऱ्यांची नव्हे. पोटात काही ठरत नसताना ‘मी ठीक आहे’ म्हणून पुढे निघणारे, कट-ऑफ चुकल्यावर हुज्जत घालणारे आणि कोणाला न सांगता शर्यत सोडून एखाद्या जीपने घरी निघून जाणारे, ज्यांच्या शोधात मग चार माणसे रात्री रानात फिरतात, अशा लोकांनी मला काळजीत टाकले आहे. तुम्ही यांपैकी काही करणार नाही, याची तुमचे पत्र वाचूनच मला खात्री वाटते. शर्यत सोडायची झाली, तर केंद्रावरच सोडा, आपला बिब क्रमांक तेथे नोंदवा आणि मगच निघा.

रानात एकटी पडण्याच्या भीतीबद्दल सांगायचे, तर नीट आयोजन असलेल्या शर्यतीत शेवटच्या धावपटूच्या मागे स्वीपर असतात. वाटेवरच्या खुणेच्या फिती काढत ते येत असतात आणि तुम्हाला मागे टाकून ते पुढे जात नाहीत. या शर्यतीत तशी व्यवस्था आहे का आणि स्वीपर किती आहेत, हे आयोजकांना आजच लेखी विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर माझा सल्ला बदलतो : अशा शर्यतीत जाऊ नका, पैसे गेले तरी चालतील.

आणि शेवटी येण्याची नामुष्की? कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या १०० मैलांच्या शर्यतीला ३० तासांची मर्यादा आहे. २०१५ साली ७० वर्षांच्या गनहिल्ड स्वॅन्सन २९ तास ५९ मिनिटे ५४ सेकंदांनी, म्हणजे सहा सेकंद राखून, पोहोचल्या. तेथे शर्यतीच्या शेवटच्या तासाला मैदानात मोठी गर्दी जमते, ती याच लोकांना पाहण्यासाठी. आपल्याकडच्या गर्दीचे आश्वासन मी देऊ शकत नाही. परंतु ज्यांनी स्वतः डोंगरात दिवस काढला आहे, ते तुमच्या चौदा तासांची किंमत जाणतात, आणि ज्यांनी काढला नाही त्यांच्या मताला या बाबतीत वजन देऊ नये. यजमानांना मात्र मी या दुसऱ्या गटात ढकलणार नाही. त्यांना एखाद्या रविवारी येऊरच्या चढावर सोबत न्या, तुमच्या चालीने वर चढू द्या. शर्यतीच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर तुम्ही किती वाजता असाल याचा तक्ता त्यांच्याकडे द्या, म्हणजे वाट पाहणाऱ्यालाही आधार राहतो.

आता चाचणी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी पहाटेच्या गाडीने नेरळ गाठा आणि तेथून माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट दोनदा चढून दोनदा उतरा. गाड्यांची वर्दळ वाढण्याआधी पहिली फेरी पूर्ण व्हावी, रस्त्याच्या कडेने चालावे आणि सोबतीला कोणी असावे. शर्यतीच्या दिवशी वापरणार तीच पिशवी, तेच बूट, तेच खाणे घ्या. एका चढाईत सुमारे सातशे मीटर उंची मिळते, म्हणजे दोन चढायांत पहिल्या तीस किलोमीटरसाठी आपण धरलेल्या चढाईएवढी किंवा थोडी अधिकच. किलोमीटर घड्याळावर मोजा आणि तीसला कमी पडले तर उरलेले नेरळच्या सपाटीवर पूर्ण करा. थांबण्याचा वेळ धरून हे सगळे साडेसात तासांत झाले पाहिजे. डांबरी रस्ता पायवाटेहून सोपा असल्याने अर्धा तास मुद्दाम कमी धरला आहे. शिवाय दुसऱ्या दिवशी सोमवारी जिन्याचा कठडा न धरता तुम्हाला उतरता आले पाहिजे. दोन्ही जमले, तर पन्नास किलोमीटरला निर्धास्त उभ्या राहा आणि शेवटच्या दोन आठवड्यांत सराव निम्म्यावर आणा. आठ तासांहून अधिक लागले, तर यंदा कमी अंतर धावा. मधला आकडा आला, तर सोमवारच्या जिन्यावरून निर्णय घ्या : वेळ शर्यतीच्या उत्साहात थोडा सुधारतो, मांड्यांचे तसे होत नाही. अंतर बदलण्याची शेवटची तारीख आयोजकांकडून आधीच विचारून ठेवा, आणि ती त्या रविवारच्या अगोदर संपत असेल, तर नेरळची फेरी ऑक्टोबरच्या अखेरीस करा.